सिंगखामकाकांची करंगळी

मी हत्ती बोलतोय. खरा नव्हे, पितळेचा. उंची वीतभर, वजन चार किलो, पाठीवर एक कडी. पण पुढचं ऐकायचं असेल तर आधी हात पुढे करा, बोटं बघू द्या. माझ्याकडे आलेल्या माणसाचं तोंड मी बघत नाही. तोंडं सगळ्यांचीच भाविक असतात.

थायलंडात, चिआंग माईच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्याच्या हातून माझा एक सुळा आखूड झाला, तर त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, असाच शुभ असतो. तेव्हापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे, ती काही गप्प बसत नाही. त्या गिऱ्हाइकानं, म्हणजे एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं, मला मे होंग सोनच्या डोंगरातल्या या विहाराला दान दिलं. का दिलं ते त्यानं सांगितलं नाही, पण त्याच्या बोटांना चोरट्या सागाचा वास येत होता.

माझं काम कौल देण्याचं. माझ्यापुढे गुडघे टेकायचे, मनातली गोष्ट बोलायची आणि म्हणायचं, हे होणार असेल तर उठ. मग कडीत बोट घालून मला उचलायचं. पुरुषांनी करंगळीनं, बायकांनी अनामिकेनं. उठलो तर खाली ठेवून पुन्हा म्हणायचं, हे होणारच असेल तर आता उठू नकोस. दुसऱ्यांदा उठलो नाही, तर कौल पक्का; उठलो, तर कच्चा, म्हणजे हत्तीनं दुजोरा दिला नाही. पहिल्या खेपेला उठलो नाही तर विषयच संपला, ते काम होणे नाही.

आता तुम्हीच सांगा, पहिल्यांदा उठलेले चार किलो दुसऱ्यांदा का उठू नयेत? पण नव्वद टक्के लोकांकडून उठत नाहीत. पहिल्यांदा दात-ओठ खाऊन ओढतात आणि दुसऱ्यांदा बोट शेवईसारखं सैल सोडतात. कडीला सगळं कळतं हो.

थंडीत पाहुण्यांची रीघ लागते. पहाटे डोंगरमाथ्यावरचं धुकं, मग आमचा विहार, मग धबधबा, त्यामागची गुहा आणि संध्याकाळी गरम पाण्याचं कुंड, असं सगळं एका दिवसात उरकायचं असतं. घाटाची वळणं चढून आले की लगेच ते बढती मागतात. एकदा एक साहेब दुसऱ्या खेपेला हत्ती उचलवत नसल्याचं नाटक करत होते. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, निदान थोडं कण्हा तरी! बुद्धाच्या डोळ्यांदेखत फसवताय, तर जरा नीट फसवा."

हे सगळं दारापाशी बसून सिंगखामकाका बघायचे. ते या दालनाची देखभाल करतात. बायको गेल्यावर त्यांना एकच माणूस उरलं होतं, मुलगी सेंगला. ती फुलं विकायची, दालन झाडायची, चिंच लावून मला घासायची. उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग, आवाज मोठा आणि मनगटं दणकट. घासताना ती माझ्याशी बोलायची, "काय हो, आज किती लबाड आले?" तीही माझ्यासारखीच होती. मला ती आवडायची.

तीन वर्षांपूर्वी सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, दोन दिवस आधी विहारातला चांदीचा वाडगा कपाटात सापडला नाही. त्या वाडग्यानं बुद्धमूर्तीला शिकेकाईच्या शेंगांचं पाणी घालतात. कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक काकांकडे आणि एक सेंगलाकडे. तासाभरात गाव दालनात जमलं.

"परवा फडक्यात काहीतरी बांधून तुनच्या गाडीत ठेवत होतीस," चहावाली बाई म्हणाली. तुन म्हणजे गावातला गाडीवाला, पाहुण्यांना विहार आणि धबधबे दाखवत फिरतो. "मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"आत्याला सोयाबीनच्या चकत्या पाठवल्या. आंबवलेल्या. वास नाही आला तुम्हाला?"

"मग दाखव त्या चकत्या."

"आत्यानं खाल्ल्या असतील की आता! तिचं पोट फाडून दाखवू?"

कुणीतरी हसलं, पण काका हसले नाहीत. खरं सांगतो, मीही मनात म्हणत होतो की कुठेतरी पाणी मुरतंय. एवढा संशय मी कमावला, पण तो नेमका कुठे घ्यायचा हे मला कधी कळलं नाही.

मोठे भन्ते म्हणाले, "सापडेल वाडगा. घरी जा सगळे." पण काकांना ते सोसलं नाही. चाळीस वर्षं या दालनात राबलेला माणूस, त्याच्या घराकडे बोट दाखवलं जात होतं. त्यांनी मला उचलून मध्ये ठेवलं.

"हत्तीला विचार," ते मुलीला म्हणाले. "सगळ्यांसमोर. म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मला खात्री आहे गं. यांच्यासाठी विचार."

सेंगला खाली बसली. मोठ्यानं म्हणाली, "मी वाडगा घेतला नसेल तर उठ." मी उठलो. "मी घेतलाच नसेल तर उठू नकोस." तिनं कडीत बोट घातलं, पूर्ण जोर लावला आणि मी पुन्हा उठलो, गुडघ्याएवढा वर. तिनं मला हळूच खाली ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं. काकांनी मान फिरवली. मी आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या, पण त्या मान फिरवण्याएवढी वाईट एकही नाही.

"मला विचारायचं होतंत, बाबा," ती म्हणाली. "मी खरं सांगितलं असतं. पितळेला काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुनच्या गाडीत बसून गेली. त्यानं तिला शहराच्या बसस्थानकावर सोडलं. त्यानंतर तिचा फोन लागला नाही आणि आत्याकडेही ती गेली नाही.

पुढच्या माघी पौर्णिमेला गावकरी दरवर्षीप्रमाणे धबधब्यामागच्या गुहेत मेणबत्त्या लावायला गेले. पाहुणे बाहेरच्या मोठ्या दालनातून फोटो काढून परततात, आतल्या कोनाड्यात या एका दिवशीच कुणी जातं. दुपारी तुन धावत आला. त्याच्या हातात वाडगा होता, काठाला चुनखडीचा पांढरा थर बसलेला. मागून काका आले, भिंतीला धरत.

"ठिबकणाऱ्या दगडाखाली होता, भन्ते. काठोकाठ भरलेला," तुन म्हणाला.

"मीच ठेवला होता," काका म्हणाले. "गेल्या माघी पौर्णिमेला. म्हटलं, सोंगक्रानच्या स्नानाला गुहेतलं पाणी मिळेल. आणि साफ विसरलो."

तुन आदरानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही. "काका, ती चोर असती तर दुसऱ्यांदा खरा जोर लावला असता का? या हत्तीपुढे कसं फसवायचं ते तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? खरी होती म्हणून उचलला तिनं!"

ओतताना माझ्या पोटात राहिलेल्या मातीला तडा गेल्यासारखं झालं. हजारो लबाड बोटं ओळखणारा मी, आणि एक खरं बोट माझ्याच कडीत असताना मला ओळखता आलं नव्हतं.

त्यानंतर काका रोज सकाळी दार उघडायच्या आधी माझ्याकडे यायला लागले. पुटपुटायचे, मला दोनदा उचलायचे आणि जायचे. खोड जात नाही ना, मला वाटलं की म्हातारा आता स्वतःच नाटकाचा सराव करतोय. मग एकदा त्यांचे शब्द ऐकू आले. "सेंगला परत येणार असेल तर उठ." मी उठायचो. "येणारच असेल तर उठू नकोस." ते करंगळी पांढरी पडेपर्यंत ओढायचे, आणि मी उठायचो. बोट जरा सैल सोडलं असतं तर रोज हवा तो कौल मिळाला असता. त्यांनी एकदाही सोडलं नाही. मुलीनं जसं उचललं होतं तसंच ते उचलत होते. दोन वर्षं रोज सकाळी त्यांना कच्चा कौल मिळत होता आणि ते मला फडक्यानं पुसून दार उघडायला जात होते.

या थंडीत त्यांचा हात थरथरायला लागला. आधी कप निसटला, मग झाडू. आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या खेपेला मी उठलो नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा ओढलं. मी जागचा हललो नाही.

काका रडायलाच लागले. मग तसेच अनवाणी अंगणात धावले. "तुन! अरे तुन! पक्का कौल! येतेय ती! गाडी पुसून ठेव, बसस्थानकावर जायला लागेल!"

"हो काका," तुन म्हणाला. त्यानं काकांचा हात हातात घेतला, त्या करंगळीकडे जरा वेळ बघितलं आणि परत म्हणाला, "हो. पुसून ठेवतो."

काकांनी सेंगलाची चटई उन्हात घातली आहे. चिकट भात दोन माणसांचा शिजतो. प्रत्येक गाडी थांबली की ते पायऱ्यांपर्यंत जाऊन बायकांच्या भुवया बघतात. आणि रोज सकाळी माझ्याकडे येतात, कौल अजून तोच आहे ना ते बघायला.

मी कौल दिलेला नाही. म्हाताऱ्या हाताची ताकद गेली, एवढंच झालंय. काल पहिल्या खेपेला मी जेमतेम बोटभर उठलो. आणखी काही दिवसांनी पहिल्याच खेपेला उठणार नाही, आणि त्या दिवशी काका समजतील की ती आता कधीच येणार नाही. ते पुन्हा विचारणार नाहीत. मी ओळखतो त्यांना.

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही इथून धबधब्याला जाल, गरम कुंडाला जाल, मग खाली शहरांत पांगाल. कुठे उजव्या भुवईवर डाग असलेली, मोठ्या आवाजाची बाई भेटली तर तिला सांगा, वाडगा सापडला. सांगा, चूक तुझ्या बाबांची होती आणि ते त्यांना माहीत आहे. तुम्ही सांगाल की नाही, याचा मला काही भरवसा नाही. गाडीत बसल्यावर माणसं विसरतात. पण विसरू नका, मी हात जोडतो असं समजा. आणि तिला म्हणावं, लवकर ये. उद्या सकाळी ते पुन्हा कडीत करंगळी घालतील, आणि मला माझं वजन कमी करता येत नाही.