दसऱ्यापुरती शमी

मी बाभूळ बोलतेय. शारजाहून डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दगडगोट्यांच्या माळावर जे खुरटं काटेरी झाड दिसतं ना, ती मी. दिसतं म्हणजे, गाडीचा एसी बिघडून खाली उतरावं लागलं तर. इथले अरब मला ‘समर’ म्हणतात. मराठी माणसं माझ्याकडे बघून ‘इथे काहीच नाही गं’ म्हणतात.

माझा जन्म शेळीच्या कृपेने झाला. हसू नका. शेंग तिने खाल्ली, बी लेंडीतून पडलं आणि एका हिवाळ्यात दोन बऱ्या सरी झाल्या तेव्हा मी उगवले. मग त्याच शेळीच्या लेकीबाळींनी माझा शेंडा खाऊन टाकला, म्हणून मी उंच होण्याऐवजी आडवी पसरले. मुळं मात्र खोल गेली. पाऊस कधी येणार याची चौकशी मी करत नाही. पांढुरकी फुलं आली की मधमाश्या येतात, सावलीला सरडे आणि उंट येतात. कोणी आभार मानत नाही, पण कोणी कात्रीही आणत नव्हतं.

गेल्या दसऱ्याला कात्री आली.

दसरा गुरुवारी होता. पण गुरुवारी ऑफिसं चालू, म्हणून तो रविवारी साजरा झाला. शारजातल्या अल नहदाच्या टॉवरांमधून चार गाड्या निघाल्या. सगळ्यांत पुढे सूर्यकांतराव, तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. हे गृहस्थ नोकरीसाठी रोज ट्रॅफिकमध्ये रखडत शारजाहून दुबईत जातात, तरी त्यांची सीमोल्लंघनाची हौस फिटलेली नव्हती. या देशाचं राष्ट्रीय झाड ‘घाफ’ म्हणजे आपली शमीच, असं त्यांना व्हॉट्सॲपवर कळलं होतं. माहिती अगदी खरी होती. फक्त झाड चुकलं.

“हीच!” माझ्यासमोर उभे राहून ते म्हणाले. “बारीक पानं, काटे, डेझर्ट. अजून काय पाहिजे?”

“अहो, नक्की ना?” त्यांच्या पत्नी अनुराधाताईंनी विचारलं.

“हंड्रेड परसेंट. यल्ला, पूजा उरकून घेऊ. गाड्या रोडवर आहेत.”

माझ्या खोडाला हळदकुंकू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हात जोडले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग सूर्यकांतरावांनी हातमोजे चढवले आणि बाल्कनीतल्या कुंड्यांची कात्री काढली. शेळी तोंड पोचेल तेवढंच खाते. भक्तांनी घडीची शिडी आणली होती.

फांद्या पडू लागल्या. घरच्यांना सोनं, शेजाऱ्यांना सोनं, बॉसला सोनं. दोन हिवाळे पावसाविना गेले होते आणि अंगावर उरलेल्या पानांवरच मी कशीबशी तग धरून होते. तीही गेली असती, तर पुढचा उन्हाळा मी पाहिला नसता.

“बाबा, स्टॉप! देअर इज अ नेस्ट!” त्यांची लेक ओवी ओरडली. वरच्या फांदीवर होल्याचं घरटं होतं.

“बेटा, वर्षातून एकदाच असतं. नेस्टवाली लास्टला घेऊ.”

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा, उर्मिलाताईंचा, व्हिडिओ कॉल आला. सूर्यकांतरावांनी कौतुकाने मोबाइल माझ्याकडे वळवला.

“अरे सूर्या, ही शमी कुठली? बाभूळ आहे ही! शमीला एवढे लांब पांढरे काटे असतात का? बाभळीवर भूत असतं म्हणतात, आणि तू तिला हळदकुंकू वाहतोयस?”

एवढ्या झटपट देवीची हडळ झालेली मी तरी ऐकली नव्हती. सगळ्यांनी हातातलं सोनं खाली टाकलं. अनुराधाताईंनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि ते पाणी माझ्या बुंध्याशी पडलं. माझा भरपूर अपमान झाला आणि त्या अपमानामुळेच मी वाचले.

आता अर्धी उघडी पडलेय, पण घरटं शाबूत आहे. हळूहळू पालवी फुटते आहे. मी हा प्रसंग हसण्यावारी नेला असता. पण निघताना मोबाइलवर शोधाशोध करून सूर्यकांतराव म्हणाले, “नो टेन्शन! त्या टेकडीमागे खरं घाफ आहे, आत्ताच लोकेशन सेव्ह केलंय. नेक्स्ट इयर अख्ख्या बिल्डिंगला घेऊन येऊ, इन्शाल्ला!”

ते घाफ मला ठाऊक आहे. ते माझ्या कितीतरी आधीपासून तिथे उभं आहे. त्याच्या सावलीत उंटिणी वितात. त्याला कसलीच भीती वाटत नाही, कारण त्याला अजून कोणी नमस्कार केलेला नाही. मला मात्र त्याची फार काळजी वाटते.

तेव्हा तुमची सूर्यकांतरावांशी ओळख असेल, तर एवढं कराच. झाडाला दुखतं असं सांगू नका, ते ऐकणार नाहीत. झाडं तोडायला इथे बंदी आहे असंही सांगू नका. ‘आपण कुठे तोडतोय, आपण सोनं लुटतोय’ म्हणतील. त्यांना फक्त सांगा, की टेकडीमागचं ते झाडही बाभूळच आहे.