डाव्या अंगठ्याजवळचं बटण

...हिरवं, गोल, आणि थरथरतंय. फोनच्या काचेवर बोट जरा जास्त वेळ राहिलं की रिमोटची सगळी बटणं अशी थरथरायला लागतात — म्हणजे ती आता हलवता येतात, काढून टाकता येतात, असं लेकीनं एकदा सांगितलं होतं. टीव्हीमागे लावलेल्या इंटरनेटच्या डबीचा रिमोट फोनवरच होता. बायको गेल्यावरही तो तिचाच गिचमिड रिमोट वापरत आला होता. आज बातम्या लावताना बोट घसरलं, तिचा रिमोट बाजूला सरकला आणि मागून हा दुसराच पुढे आला. वर नाव — 'ह्यांचा'.

चारच बटणं. बातम्या. जुनी गाणी. आवाज. आणि खाली डावीकडे हे हिरवं — 'पुरे आता'.

तिचेच शब्द. जेवणं झाली की ती एवढंच म्हणायची, पुरे आता, आणि टीव्ही बंद करून तो उठायचा. डावीकडे का, तेही कळलं. जन्मभर बस चालवून उजवा अंगठा आखडलाय, वळत नाही. त्याला हसू आलं. हसतच त्यानं लेकीला फोन लावला.

"अगं, आईनं माझ्यासाठी वेगळा रिमोट करून ठेवलाय. आत्ता दिसला मला."

"आत्ता? मला वाटलं तुम्ही तोच वापरता. माझ्याकडूनच करून घेतला तिनं. किती वेळा बटणं हलवायला लावली. म्हणे, ह्यांना एवढी मोठी बस कळते, हाताएवढा फोन कळत नाही."

"कधी केलात?"

"तुम्ही गॅलरी रंगवत होता ना, तेव्हा."

गॅलरी.

"तेव्हा तर तिला नुसतं पित्त होतं," तो म्हणाला.

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"बाबा... तिनं शपथ घातली होती. ह्यांना खरं दुखणं कळलं तर जेवणार नाहीत, म्हणाली."

"म्हणजे दोघींना ठाऊक होतं."

"मी संध्याकाळी येते."

"कशाला? मला जमतं सगळं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

जमतं सगळं... ते कसं जमतं, हे आज कळतंय. गॅलरीला कोणता रंग लावू विचारलं, तर ती म्हणाली, तुम्हाला आवडेल तो लावा. एवढ्या संसारात पडद्याचं कापड मला निवडू दिलं नव्हतं तिनं — आणि मी शिडीवर उभा राहून शीळ घालत होतो, लढाई जिंकल्यासारखा. खाली ती शिडी धरून उभी. तिला माहीत. आत सोफ्यावर लेक फोन घेऊन बसलेली, तिलाही माहीत. अख्ख्या घरात एकच माणूस खुळा, आणि तो शिडीवर.

आणि त्यानंतरचं — आज तुम्ही लावा बातम्या, आज भाजी तुम्ही टाका, कुकरकडे तुम्ही बघा... त्याला वाटायचं, हिला आळस चढलाय. म्हणालाही होता, राणीसाहेब झालीस की. ती हसली होती. डेपोत शिकाऊ चालक शेजारी बसवायचो मी, पण पहिल्याच दिवशी सांगायचो — बाबा रे, उद्या गाडी तुझ्या हातात आहे, नीट बघ. सांगावं लागतं. नाहीतर तो खिडकीबाहेर बघत बसतो. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

हिरवं बटण अजून थरथरतच होतं. त्याच्या कडेला बारीक फुली आली होती. दाबली की ते गेलं. बोट फुलीपर्यंत गेलं... आणि राहिलं. मग त्यानं ते बटण धरलं आणि ओढत ओढत वर उजवीकडे नेलं, पार कोपऱ्यात, आखडलेला अंगठा कधीच पोचणार नाही तिथं. बोट उचललं तसं ते तिथं बसलं.

बातम्या सुरू झाल्या. त्यानं आवाज वाढवला, तिला चालायचा त्याच्याही वर. मग खुर्ची वळवली — तिच्या जागेकडे पाठ करून, भांडण झालं की बसायचा तशी. ती गेल्यापासून तो त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचा. आज पाठ होती, आणि पाठीला ती जागा रिकामी वाटत नव्हती. म्हण ना आता, पुरे आता म्हण... म्हटलंस तरी उठणार नाही मी. त्यानं आवाज आणखी वाढवला, आणि कान मात्र मागेच लागले होते...