स्वतःचं मत, दोन मार्क

दहावीला भावनाचे सगळे विषय सुटले होते, अगदी गणितसुद्धा. राहिलं ते इंग्रजी. कल्याणच्या पलीकडच्या गावातली पोर, बापाने निकाल बघितला, दोन वर्षं घरात बसवलं आणि अठरा पुरी झाल्याबरोबर ठाण्यात कोपरीला देऊन टाकलं. इंग्रजी तिथेच राहिलं आणि भावना सासरी आली.

सासर चांगलं होतं, उगाच नाव का ठेवा? एके काळी मिठागरात राबलेली, खाडीकाठी भात लावलेली माणसं. आता त्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या होत्या आणि महिन्याला भाडी येत होती. दहावीच्या कागदावाचून भावनाचं काही अडत नव्हतं. सगळे तिला तेच सांगायचे, "तुझं अडलंय कुठं?" अडलं नव्हतं, बाई, पण टोचत होतं. मुलीच्या शाळेत कुणी शिक्षण विचारलं की ती "दहावी" एवढंच म्हणायची आणि पुढचा शब्द गिळायची. त्या गिळलेल्या शब्दाची तिला मनापासून लाज वाटायची.

बाहेरून परीक्षा द्यायची म्हणून याआधी दोनदा तिने फॉर्म भरला होता. पहिल्यांदा ऐन परीक्षेत सासऱ्यांची अँजिओप्लास्टी निघाली. दुसऱ्यांदा नणंद बाळंतपणाला आली. दोन्ही वेळा घरचे म्हणाले, पुढच्या वेळी दे. आणि दोन्ही वेळा ती "बरं" म्हणाली, कारण त्या घरात तिच्या तोंडी तो शब्द इतका बसला होता की झोपेतही निघाला असता.

या वेळी मात्र तिने मनाशी ठरवलं होतं. आता नाही दिली, तर नाव काढायचं नाही. पुस्तकं रद्दीत.

शिकवायला साकेत होता. मोठ्या दिरांचा, दौलतचा मुलगा. भावना लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेच्या चड्डीत फिरायचा आणि शेंबूड पुसायला तिचाच पदर धरायचा. आता वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात कानाला यंत्र लावून दिवसभर परदेशातल्या माणसांशी इंग्रजीत बोलतो. संध्याकाळी घरी आला की पाय धुऊन ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, "चल काकी, काढ पुस्तक."

व्याकरण तिने महिन्याभरात आणलं वळणावर. शब्द पाठ करण्यात तर ती वाघीण. कणीक मळता मळता वीस-वीस शब्द म्हणायची, नवरा साईनाथ जेवताना म्हणायचा, "अगं, भाजीत मीठ नाही, पण स्पेलिंग बरोबर आहे." उताराही ती वाचायची, समजून घ्यायची, चार प्रश्नांची उत्तरं धडाधड लिहायची. घोडं अडायचं ते पाचव्या प्रश्नाशी.

त्या प्रश्नाचं नाव पर्सनल रिस्पॉन्स. म्हणजे उतारा वाचून झाला की विचारतात, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही काय केलं असतं? दोन मार्क. उत्तर उताऱ्यात नसतं, आपल्याकडचं लिहायचं असतं. आणि भावनाने या दोन मार्कांवर कमालच केली. बाजारातून गाईड आणलं आणि स्वतःची सगळी मतं त्यातून पाठ केली!

"तुला सकाळी फिरायला आवडतं का?" साकेतने एकदा विचारलं.

"येस. आय गो फॉर अ मॉर्निंग वॉक डेली. इट कीप्स अस फिट अँड फाइन."

"काकी, तू कधी गेलीयस मॉर्निंग वॉकला?"

"गाईडमध्ये तसंच आहे."

"अगं, पण ते गाईडवाल्याचं मत झालं. तुझं?"

"खोटं लिहिलं तर मार्क कापतात का?"

"कापत नाहीत."

"मग झालं तर!" असं म्हणून भावनाने पान उलटलं.

साकेत हसून लोळला. पण सराव परीक्षेत तेच अंगाशी आलं. प्रश्न आला, तुम्हाला न आवडणारी एखादी गोष्ट लिहा. गाईडमध्ये फक्त आवडणाऱ्या गोष्टी होत्या, न आवडणारी एकही नव्हती. भावनाने ती जागा कोरी सोडली. साकेतने गाईड उचललं ते थेट माळ्यावर टाकलं आणि नियम केला. रोज संध्याकाळी पाच प्रश्न, आणि पाचही उत्तरं पोटातली हवीत.

पहिले आठ-दहा दिवस भावनाच्या नाकी नऊ आले. शब्द होते, वाक्यं होती, पण पोटात हात घातला तर हाताला काही लागेना. चांगलं काय, वाईट काय, लोक काय म्हणतील, हे सगळं तिला पटापट सुचायचं. तिला स्वतःला काय वाटतं, एवढंच सुचायचं नाही. साकेत पण चिवट. "काकी, मला नको सांगू काय बरोबर. मला सांग तुला काय वाटतं." हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेजारची पोरं त्याला तसं चिडवायला लागली.

आणि एका संध्याकाळी, कशावरून कोण जाणे, ती म्हणाली, "आय डोन्ट लाइक टी."

साईनाथ तिथेच बशीत चहा ओतून पीत होता. त्याची बशी हातातच राहिली. "तुला चहा आवडत नाही? अगं, इतकी वर्षं माझ्याबरोबर दोन वेळा पितेस की!"

"तुम्ही ओतून देता म्हणून पिते."

"मग सांगायचं नाही का?"

भावना वहीत बघत राहिली, पण तिला हसू आवरत नव्हतं. त्या दिवसापासून गाडी सुटली. मला बिल्डिंगीची गच्ची आवडते. मला गर्दीत जेवायला आवडत नाही. मला लहानपणी पोहता यायचं, आता भीती वाटते. चुका व्हायच्या, पण वाक्यं तिची असायची, आणि ती लिहिताना तिला फार बरं वाटायचं.

आता मधल्या काळात घरात काय झालं ते सांगायला हवं. साकेतचं लग्न ठरलं. मुलगी डोंबिवलीची, क्षिप्रा नावाची, गुणाची. तारीख ठरवायला तिकडची माणसं आली तेव्हा भावना आत पोहे परतत होती. बाहेर हॉल कधी मोकळा आहे, भटजी काय म्हणतात, यावर दोन तास खल झाला आणि मार्चमधला दिवस पक्का झाला. लग्न गुरुवारी, हळद आदल्या दिवशी, बुधवारी. भावना पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि तिने तारीख ऐकली. त्याच बुधवारी इंग्रजीचा पेपर होता.

ती बोलली का? छे! तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. कुणाच्या तरी लक्षात येईल, कुणीतरी विचारील, असं म्हणत दिवस ढकलत राहिली. रोज संध्याकाळी साकेतसमोर बसून अभ्यास करायची आणि रोज वाटायचं, आज याच्या लक्षात येईल. त्याच्या लक्षात होती फक्त क्षिप्रा. नव्या नवरदेवाला बोल तरी कसा लावणार?

पंधरवडा उरला तेव्हा हॉलतिकीट आलं. साकेतने हौसेने हातात घेतलं, वरून खाली वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकी, अगं बुधवारी... बुधवारी तर हळद."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"तारीख ठरली तेव्हापासून."

साकेतने हॉलतिकिटाची घडी घातली, उघडली, परत घातली. मग म्हणाला, "बघ ना, आता पत्रिका वाटून झाल्या. जुलैला परत असतेच की परीक्षा. तोपर्यंत क्षिप्रा पण येईल, ती पण शिकवील तुला. जुलैला देऊ ना, काकी?"

भावनाला वाटलं होतं की दुसरं कुणी काही म्हणो, हा असं म्हणणार नाही. जीभ सवयीने "ब"वर आली सुद्धा, पण पुढचं अक्षर निघेना. ती उठून आत गेली आणि उगाच धुतलेली भांडी परत धुवायला लागली.

रविवारी ओसरीवर घरची बैठक बसली. सासरे भिवा झोपाळ्यावर, दौलत आणि साईनाथ खुर्च्यांवर, सासूबाई सखुबाई खाली भिंतीला टेकून तांदूळ निवडत. बुधवारचं सगळं भिवातात्यांनी तोंडपाठ सांगितलं. मांडव कधी, वाजंत्री कधी, लग्नाची गाणी, धवले, म्हणणाऱ्या धवलारणीला आणायला कोण जाणार. देवाची हळद साडेअकराला, आणि ती दळायला घरच्या पाच सवाष्णी. त्यांनी बोटांवर नावं मोजली. पाचवं नाव भावनाचं होतं.

"तात्या," साकेत चाचरत म्हणाला, "काकीचा त्या दिवशी पेपर आहे. अकरा ते दोन. पण ती जुलैला देणार आहे."

"मंग झालं," भिवातात्या म्हणाले. "परीक्षा काय, दरसाली येते. नातवाची हलद एकदाच."

साईनाथ बायकोकडे बघून मग जमिनीकडे बघायला लागला. दौलत धवलारणीच्या रिक्षाचं बोलायला लागला. विषय संपला होता. दारात उभ्या असलेल्या भावनाने चौकट धरली.

"साकेत," ती म्हणाली, "चार महिने रोज मला विचारलंस, काकी तुला काय वाटतं. चहा आवडतो का विचारलंस, गच्ची आवडते का विचारलंस. माझ्या पेपराचं मात्र विचारलं नाहीस. परस्पर सांगून टाकलंस."

दौलतचं रिक्षाचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

"मला पेपर द्यायचा आहे," भावना म्हणाली. आवाज फुटत होता, पण थांबली नाही. "जुलैला नाही, बुधवारी. तात्यांच्या ऑपरेशनला मी थांबले, त्याचं मला काही नाही, परत थांबेन. वन्संच्या बाळंतपणाला थांबले. पण हळद दळायला एका हातावाचून अडत नाही. आणि साकेत, तुझी हळद मला हवीय रे. तुला मी कडेवर घेतलंय. पण मला दोन्ही हवंय. मला असं वाटतं."

बोलून झालं आणि तिचे डोळे भरून आले. साकेतची मान खाली गेली होती. "चुकलो, काकी," तो इतकंच म्हणाला, आणि त्याचेही डोळे ओले झाले.

"पन मुहूर्त..." भिवातात्या म्हणाले.

"मुहूर्त भटजीला इचारा," सखुबाई खालून म्हणाली. सुपातून मान वर न करता. "दोनच्या पुढला काढ बोलावं. दक्षिना घेतो ना तो? आनि पोराची हलद हाय, गाडी सुटत नाय कुठं. ही आल्याबिगर जात्याला हात कोन लावतंय ते मी बघतंय."

सखुबाई फारशी बोलत नसे. म्हणूनच बोलली की झोपाळासुद्धा थांबायचा. भिवातात्यांनी दौलतकडे बघितलं, दौलतने मोबाइल काढून भटजींचा नंबर लावला. भटजींनी तिकडून तासभर पोथ्या चाळल्या की टीव्ही बघितला देव जाणे, पण दुपारी साडेतीनचा मुहूर्त निघाला आणि पहिल्यापेक्षा चांगला निघाला.

संध्याकाळी भावना स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मन हलकं झालं होतं, भाकऱ्याही फुगत होत्या. सखुबाई पाट ओढून जवळ येऊन बसली.

"इतके दिस बोललीस का नाय?" तिने विचारलं.

"कुणीतरी विचारेल असं वाटत होतं, आई."

"हं," सखुबाई म्हणाली. "त्या पेपरात इचारतात काय गं एवढं? पोरगा रोज तुझ्या मागं लागलेला असायचा."

"काही नाही हो. साधंच असतं. तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय आवडतं."

"आनि त्याचे मार्क देतात?"

"दोन."

सखुबाईला गंमत वाटली. "मना इचार बघू," ती म्हणाली आणि पदर सावरून परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली.

भावना हसली. "आई, तुम्हाला खायला काय आवडतं?"

"त्यात काय? ह्यांना सुकट आवडते, वांगं घालून. दौलतला खाडीतल्या निवट्या. साईनाथला गोड काय पन दे. साकेतला तांदलाची बोरं."

"त्यांना नाही. तुम्हाला, आई."

सखुबाईची नजर डब्यांवरून फिरली, फळीवरून फिरली, गॅसवरच्या तव्यावर येऊन थांबली. कपाळाला आठी पडली. पन्नास-पंचावन्न वर्षं तिने या घरात रांधलं होतं, या सगळ्यांच्या तोंडची चव तिला झोपेत विचारली तरी सांगता आली असती.

"थांब हां," ती हळूच म्हणाली. "मना आठवू दे."

भावनाने गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि तिच्यासमोर बसून थांबली.