वर्ष संपायला अकरा दिवस

मी देवपूरचा टी.व्ही. बोलतोय. काळ्या-पांढऱ्या चित्रांचा, लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या दारांचा.

पंच्याऐंशी साली मोतीलालभाऊंनी मला धुळ्याच्या दुकानातून हातगाडीवर घरी आणलं. पांझरेच्या पुलावर ते मला दोन्ही हातांनी धरून चालले. त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, काचेवर हळद-कुंकू लावलं. रविवारी सकाळी दारात चपलांचा ढीग पडायचा.

सात वर्षांनी, एका संध्याकाळी बातम्या चालू असताना मोतीलालभाऊ माझ्यासमोर खाटेवरच गेले. कमलबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कळेपर्यंत मी बोलतच होतो. मग त्यांनी मला बंद केलं आणि वर चादर टाकली. वर्षभर घरात टी.व्ही. लागणार नव्हता.

चादरीखाली मला दुःखही झालं नाही. काचेवर धूळ बसत गेली, एवढंच.

वर्ष संपायला अकरा दिवस असताना भाड्याचं घर सोडायची वेळ आली. कमलबाई सासूला घेऊन पहूरला दिराकडे निघाल्या. तिथे एकच खोली, मला जागा नाही. अँटेना आधीच उतरवला होता. पिंपळनेरचा मगन मला विकत घ्यायला आला.

"अक्का, काच चांगली शे का नही, चालू कर्‍याबिगर कसं समजी?"

"वरीस व्हयनं नही आजून," सासू बेबाबाई म्हणाल्या. "ह्या घरमा तो लावाना नही."

शेजारचे भाईदासनाना ओट्यावरून म्हणाले, "मंग मन्हा घरमा लावा. सुतक माणूसले ऱ्हास, डबाले नही!"

कोणी हसलं नाही. मला उचलून नानांकडे नेलं. मगनने खिडकी लावली, आवाज बंद ठेवला, उजेड कमी-जास्त केला, काचेचे चारही कोपरे निरखले. बंद केल्यावर मधला पांढरा ठिपका किती वेळ राहतो, तेही पाहिलं.

कमलबाई दाराबाहेरच उभ्या होत्या. "काय दिसलं?"

"काहीच नही अक्का, नुसत्या मुंग्या. काच झकास शे."

"बरं झालं." मग त्या म्हणाल्या, "भाऊ, अकरा दिवस लावू नका. ते गेले तेव्हा हा बोलतच होता. एवढं वर्ष तरी त्याला गप्प राहू द्या."

मगन डोकं खाजवत म्हणाला, "पोरं रविवारनी वाट देखी ऱ्हायनात, अक्का." मग त्यानेच चादरीची गाठ बांधली. "बरं. नही लावत."

आता मी पिंपळनेरला आहे. आज नववा दिवस. काल रविवार होता. मगनची पोरं चादर वर करून काचेत आपली तोंडं पाहत होती, जीभ काढत होती. मगनने त्यांना ओरडून बाहेर पाठवलं. माझ्या वायरची गुंडाळी त्याने उंच फळीवर ठेवली आहे.

मला अजूनही काही वाटत नाही. मोतीलालभाऊंना या घरात कोणी पाहिलेलं नाही. तरी बाळांनो, आणखी दोन दिवस बटणाला हात लावू नका.