उलटी ठेवलेली खोकी

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. मालकीणबाई गेल्याचा फोन इस्पितळातून आला, त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत एका उलट्या खोक्यात पडून होते. मालकांनी भरदिवसा शटर ओढलं, तेव्हाच मी काय ते समजले.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. माझ्या काचेच्या पोटात किंचितसा पारा आहे. आत आहे तोवर तो उजेड देतो, बाहेर पडला तर विष होतो. जहाजातून आले ती थेट बाईंच्या टेबलावर लागले. आठ वर्षं त्यांनी माझ्या उजेडात आयातीचे कागद भरले. नवा माल आणायचा तर बंद पडलेल्या ट्यूब गोळा करून, त्यांतली काच आणि पारा नीट वेगळा काढणाऱ्या कारखान्याला द्यायच्या, असा नियम. तिथली पावती दाखवल्याशिवाय बंदरातून माल सुटत नाही. "विकल्या आपण, तर परत घ्यायच्याही आपणच," बाई म्हणत.

बंद ट्यूब त्या नव्या मालाच्या रिकाम्या खोक्यांत भरत आणि खोकं उलटं ठेवत. खूण एवढीच. मी विझले, तेव्हा मलाही पुसून तसंच ठेवलं.

ही खूण त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती. महिन्याभराने मालकांनी खोली आवरायला घेतली. "इतकी खोकी उलटी! घाईत ठेवली असतील हिने," असं पुटपुटत त्यांनी ती सुलटी केली. झालं! जुनं-नवं एक झालं. तिकडे बंदरात माल अडकलेला. शनिवारपर्यंत पावती दिली नाही, तर तो परत जाणार आणि दुकानाला कुलूप लागणार. जुन्या ट्यूब गेल्या कुठे, मालकांना उमगेना. त्यातच त्यांनी मला नवी म्हणून शेजारच्या शिवणवाल्या ताईंना विकलं.

दुसऱ्या दिवशी ताई दारात हजर.

"भाऊ, ही ट्यूब आहे की लाटणं? किती फिरवली, डोळाच उघडत नाही."

"नवी कोरी आहे हो, ताई."

"कोरी? मग टोकावर ही तारीख कुणी घातली?"

मालकांनी मला हातात घेतलं. अक्षर बाईंचं होतं. मला टेबलावर लावलं, त्या दिवसाची तारीख. मालक स्टुलावर बसले.

"अहो, नव्या खोक्यात जुनी ट्यूब! म्हणजे उलटी खोकी ती जुन्या ट्यूबचीच! आणि मी शहाणा ती सुलटी करत बसलो."

ताईंनी पदराने डोळे टिपले. "काढा मग सगळी बाहेर. एकेक लावून बघू. आणि हळू हां, फोडाल एखादी."

दोन दिवस ते काम चाललं. पेटली ती एकीकडे, न पेटली ती उलट्या खोक्यात. एकही फुटली नाही. शुक्रवारी कारखान्याची गाडी आली, पावती मिळाली, माल सुटला. आता "परत घ्यायच्याही आपणच" हे मालक स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. लोक जुन्या ट्यूब आणूनही देतात.

मित्रांनो, तुमच्या घरची ट्यूब विझली, तर ती कचऱ्यात टाकू नका, गंमत म्हणून फोडू नका. जिथून आणली तिथे जपून परत द्या. माझी काच, माझा पारा पुन्हा कुणाच्या तरी कामाला येईल, याचा मला आनंदच आहे.

गाडी दर महिन्याला येते. मालक मला खोक्यातून काढतात, पुसतात आणि परत ठेवतात. मला पाठवायचं तेवढं अजून राहिलं आहे.