ओले ड्रम

ब्रेकच्या बाबतीत लातुरात खाजामियाँचा शब्द शेवटचा. त्याच्या गॅरेजला आता तिन्ही बाजूंनी होस्टेलांनी घेरलं होतं आणि समोर क्लासवाल्यांनी गुणवंत पोरांच्या फोटोंचा भलाथोरला फलक उभा केला होता. म्हातारा मात्र जागचा हलला नव्हता. चाक हातानं फिरवायचं, ब्रेकच्या ड्रमला कान लावायचा आणि आतलं लायनर किती घासतंय ते ऐकून ब्रेक बांधायचा, ही त्याची रीत. गल्लीतली पोरं त्याला डॉक्टर म्हणून चिडवायची आणि त्याला ते मनातून आवडायचं.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक पांढरी अँबेसिडर उभी होती. ती त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताची, नरसिंगची. नरसिंग एके काळी हीच गाडी भाड्यानं चालवायचा. भूकंपाच्या सालापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नव्हता आणि गाडी विकलीही नव्हती. खाजामियाँ अधूनमधून इंजिन तेवढं चालू करून बघायचा.

नरसिंगनं गाडी चालवणं का सोडलं, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा नरसिंगची बायको सरजाबाई किल्लारीकडं माहेरी गेली होती. घर बसलं, पण दुसऱ्या दिवशी दगडमातीखालून ती जिवंत निघाली. खुबा मोडला होता. नरसिंगनं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि लातूरची वाट धरली. पाऊस थांबत नव्हता. वाटेतल्या ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं.

पाण्यातून गाडी काढली की ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जायचं, म्हणजे ड्रम तापतात, आतलं पाणी वाळतं आणि ब्रेक पुन्हा लागतो. त्या काळच्या ड्रायव्हरला हे शिकवावं लागत नव्हतं. नरसिंगनं पाय ठेवलाही. पण ओले ड्रम मध्येच पकडायचे, गाडीला हिसका बसायचा आणि मागं सरजाबाई कळवळायची. त्याला ते ऐकवेना. त्यानं पाय काढून घेतला.

पुढच्या वळणावर मदतीचे ट्रक अडकले होते. नरसिंगच्या गाडीपुढं, त्याच पाण्यातून निघालेली एका डॉक्टरची मारुती होती. ती थांबली. नरसिंगची गाडी थांबेना. मारुतीतही जखमी माणसं होती, म्हणून त्यानं स्टेअरिंग फिरवून गाडी बाभळीवर घातली. भूकंपानं सोडलेली सरजाबाई त्या बाभळीखाली गेली.

तिला माती दिल्यावर नरसिंग गॅरेजात आला आणि त्यानं एकच विचारलं, पाय काढला नसता तर गाडी थांबली असती का. खाजामियाँनं चारी ड्रम उघडले. त्याला बघायची गरज नव्हती, उत्तर त्याला माहीत होतं. तरी त्यानं बघितल्यासारखं केलं.

"नरसिंगभाऊ," तो म्हणाला, "एवढ्या पाण्यापुढं दुनियेतला कोणता बी ब्रेक लागत न्हाई. तुमच्या पायाचा कसूर न्हाई."

शब्द खाजामियाँचा होता, म्हणून नरसिंगनं तो मानला. त्या एका वाक्यावर तो जगला. सरजाबाईला पाण्यानं नेलं, असंच तो सगळ्यांना सांगायचा. लहानग्या मुलाला, आनंदराजला, त्यानं एकट्यानं वाढवलं. आनंदराज शिकला, क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला, आणि त्याची पोरगी महामाया हिला नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. पोरीनं हट्टच धरला. आजोबांनीच सोडायला यायचं, तेही अँबेसिडर चालवत. नरसिंगनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ब्रेकचा भरवसा नाही, एवढंच तो पुटपुटला.

खाजामियाँला तेवढं पुरे होतं. पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवतो, मग बघा, असं त्यानं जाहीर केलं. नांदेडच्या भंगारातून डिस्कच्या प्लेटा आणि त्यांना चिमटणारे कॅलिपर शोधून आणले, लेथवाल्याकडून ते धरायच्या पट्ट्या कापून घेतल्या, कान लावायची सवय सोडून डोळ्यांना चष्मा लावला. मागचे ड्रम तसेच ठेवले. भेटेल त्याला सांगायचा, की डिस्कची प्लेट उघडी असते, पाणी तिच्यावर टिकतच नाही. मारुतीला पहिल्यापासून हेच आहे! दोस्ताला परत गाडीत बसवायच्या नादात त्याला भानच राहिलं नाही, की आपण काय सिद्ध करायला निघालोय.

शेजारच्या गाड्या धुण्याच्या जागी नेहमी पाणी साचलेलं असायचं. खाजामियाँनं नरसिंगला शेजारी बसवलं, गाडी त्या पाण्यातून काढली, वेग दिला आणि एकदाच पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. ना चाक घसरलं, ना हिसका बसला. खाजामियाँ लहान पोरासारखा हसला आणि दोस्ताकडं वळला.

नरसिंग समोरच्या काचेकडं बघत होता.

"खाजाभाई, त्या दिशी फुडं डॉक्टरची मारुती व्हती. तिला ह्याच प्लेटा व्हत्या का?"

आता खाजामियाँच्या ध्यानात आलं. खोटं बोलायला जीभ उचलली, पण आठवडाभर तीच जीभ साऱ्या गल्लीत दवंडी पिटत होती.

"व्हत्या," तो म्हणाला.

"म्हंजी पाण्यात बी ब्रेक लागतो." नरसिंगनं मागच्या सीटकडं बघितलं. "आन् हिसका बी बसत न्हाई. ती वरडली नसती."

खाजामियाँनं त्याचा हात धरला. मी तुमच्याशी तेव्हा खोटं बोललो, हे त्याला सांगायचं होतं. पण नरसिंगनं हात सोडवून घेतला नाही, तो रागावलाही नाही, आणि त्यामुळं सांगणं आणखीच अवघड झालं. नवे ब्रेक बसवून त्यानं दोस्ताच्या हातातली एकुलती एक काठी काढून घेतली होती. त्याला स्वतःच्या हातांची चीड आली.

महामायाला सोडायला नरसिंग गेला. गाडी आनंदराजनं चालवली. पुढची सीट रिकामी ठेवून नरसिंग मागं बसला, आणि शेजारची जागा त्यानं नातीलाही दिली नाही. ती निमूटपणे पुढं जाऊन बसली.

खाजामियाँ गॅरेजच्या दारात उभा होता. गल्लीच्या तोंडाशी क्लास सुटलेली पोरं रस्त्यावर आली, तशी गाडीच्या मागचे लाल दिवे लागले. गाडी अलगद थांबली. नरसिंगचा एक हात तेवढ्यात बाजूच्या रिकाम्या सीटवर आडवा गेला होता, तिथं निजलेल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून.