सुकटीचा वास

मनिषाला फीट येण्याआधी सुकट भाजल्याचा वास येतो. घरात सुकट नसली तरी येतो, ऑफिसच्या एसीत बसली असली तरी येतो. वास आल्यापासून तिच्या हातात जेमतेम एक मिनिट असतं. तेवढ्यात खाली बसायचं आणि कुशीवर व्हायचं, एवढाच नियम. फक्त तव्यावरची सुकट आणि डोक्यातली सुकट यांतला फरक तिला स्वतःला कळत नाही. त्यासाठी माझं नाक लागतं.

ती बेलपाड्याची, मासळीवर वाढलेली. मी शाकाहारी घरातला, लग्नाआधी मला सुकट आणि सोडे यांतलं काहीच कळत नव्हतं. आता गल्लीच्या टोकाला कुणी तवा तापवला तरी सांगतो. नऊ वर्षांच्या संसारात कमावलेली माझी ही एकमेव पदवी. तिनं विचारायचं, "अवी, येतोय का?" मी "येतोय" किंवा "नाही" म्हणायचं. बाकी कशातही थापा मार, पण यात नाही, असं तिनं साखरपुड्यालाच बजावलं होतं.

पनवेलची एकवीस किलोमीटरची हाफ मॅरेथॉन ती एका संस्थेसाठी धावत होती. फीट येणाऱ्या मुलांना शाळेतून काढू नका, हे त्या संस्थेची माणसं गावोगावच्या शाळांत जाऊन समजावतात. सातवीत मनिषाला भर वर्गात फीट आली, तेव्हा हेडमास्तरांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, "हिला घरीच ठेवा." ते तिला अजून पचलेलं नाही. चौदा महिने फीट नव्हती, डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच, सोबत कुणीतरी पळायचं. म्हणजे मी, जिना चढताना धाप लागणारा माणूस. चार महिने तिनं मला सकाळी पाचला उठवून पळवलं.

पण आदल्या रात्री तिला तीन तासही झोप लागली नाही. झोप मोडली की तिची फीट दबा धरून बसते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"पुढच्या वर्षी धावू," मी म्हणालो.

"नाय. तू फक्त नाक सांभाळ."

तिच्या तोंडी गावची बोली आली की विषय संपला असं समजायचं. मी मुकाट्यानं बुटांच्या नाड्या बांधल्या.

मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. बारा किलोमीटर मी रस्त्याकडं पाहिलंच नाही, तिच्या मानेकडं पाहत पळालो. पळस्प्याकडून परतताना रस्ता एका वस्तीला लागून जातो. तिथं वास मला तिच्या आधी आला. खरा, खमंग, ताज्या तव्यावरचा वास होता.

"अवी, येतोय का?"

'येतोय' म्हटलं की ती पुढची नऊ किलोमीटर धावणार, त्या उन्हात, त्या अर्धवट झोपेवर. 'नाही' म्हटलं की बसणार. बसली की शर्यत संपली, घरी जाऊ, ती झोपेल, मी चहा करीन.

"नाही," मी म्हणालो.

ती जागच्या जागी थांबली. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. कुंपणाच्या भिंतीशी बसली, कुशीवर झाली. मी कमरेचं जाकीट सोडून तिच्या डोक्याखाली दिलं आणि घड्याळ लावलं. डोळे मिटून तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"तोंडात काही घालू देऊ नकोस कुणाला," ती म्हणाली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मला माझीच लाज वाटायला लागली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या घराचं मागचं दार उघडून एक म्हातारी बाहेर आली.

"काय झाला गो पोरी? चक्कर आली काय? सुकट भाजतंय मी, भाकरी पन गरम हाय. खातंस काय?"

मनिषानं डोळे उघडले. तिनं म्हातारीच्या हातातल्या उलथन्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी घड्याळाकडंच पाहत राहिलो.

"नको आजी," ती म्हणाली, उठली आणि पळायला लागली.

"मनू, ऐक ना. तुझी झोप झाली नव्हती. मी घाबरलो."

"घाबरायचं काम माझं आहे. तुझं काम नाकाचं होतं."

त्यानंतर सात किलोमीटर ती माझ्या दोन पावलं पुढंच पळत राहिली.

एकोणिसाव्या किलोमीटरला हायवेचा पूल लागला. दोन्ही बाजूंना घर नाही की टपरी नाही, नुसतं तापायला लागलेलं डांबर आणि पुढं पाण्याचं एक टेबल. मनिषाची चाल मंदावली. तिनं नाक आक्रसलं. मला काही विचारलं नाही.

"मनू, वास आला का?"

ती पळतच राहिली.

"इथं वास नाही, मनू. खरंच नाही. बस खाली."

"मघाशी पण नव्हता."

दहा सेकंद गेले असतील. मी तिचा हात धरला, तिनं झटकला. ओढली असती तर धावत्या अंगानं डांबरावर तोंडावर पडली असती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि जन्मात ओरडलो नसेन तसा ओरडलो.

"ओ! सुकटीचा वास येतोय का? कुणाला येतोय का? सांगा हो!"

लोक वेड्याकडं पाहावं तसे पाहायला लागले. एकानं मला पाण्याची बाटली देऊ केली. मी हात जोडले. "पाया पडतो, फक्त हो की नाही सांगा!"

"नाही बुवा," एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले.

"नाही काका," मागून दोन मुली ओरडल्या.

पाण्याच्या टेबलामागची काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाय रे बाबा, हितं कुठली सुकट?"

मनिषा थांबली. तिनं काकीकडं पाहिलं. "खरंच नाय?"

"नाय गो."

तेव्हा कुठं ती बसली. मी जाकीट तिच्या डोक्याखाली सरकवलं, आणि त्याच क्षणी तिचं अंग ताठ झालं. मी घड्याळ लावलं.

कुणी चप्पल काढली, कुणी किल्ल्यांचा जुडगा पुढं केला. "हुंगवा, हुंगवा," म्हणत माणसं वाकली. मी एवढंच सांगत राहिलो, "काही करू नका, मोकळी हवा येऊ द्या." काकीनं दोन्ही हात पसरून सगळ्यांना मागं रेटलं. झटके थांबले तेव्हा मी घड्याळ बंद केलं. मनिषाचा श्वास नीट चालू होता. मी रडत होतो, ते मला नंतर कळलं.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिला हळूहळू जाग आली. आधी आभाळ, मग जाकीट, मग मी, असं एकेक ओळखीचं होत गेलं. शुद्धीवर आली की ती नेहमी एकच शब्द विचारते.

"किती?"

"दोन मिनिटं दहा सेकंद."

तिनं मान जड जड वळवून काकीला शोधलं.

"काकी," ती म्हणाली, "हा खरं सांगतोय काय?"